हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात

वाचकहो, सूरह माइदा आपण अनेकदा पठण केली असेल. तिच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना करार पाळण्याचा आदेश आहे, आणि त्याच आयतीत लगेच शिकारीचा विषय निघतो : इहरामच्या अवस्थेत असताना शिकार वैध समजू नका. करार आणि शिकार ह्या दोन गोष्टी एका आयतीत शेजारी का आल्या, ह्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पुढे ९४ व्या आयतीत हाच विषय अधिक उघड होतो. तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात येईल अशा काही शिकारीने अल्लाह तुमची परीक्षा घेईल, म्हणजे न पाहता त्याचे भय कोण बाळगतो हे स्पष्ट व्हावे, असा तिचा आशय आहे. काही मुफस्सिरांनी ह्या आयतीचा संबंध हिजरी सन ६ मधील हुदैबियाच्या प्रवासाशी जोडला आहे. सहाबा (रजि.) इहराम बांधून निघाले होते. एरवी मैलोन् मैल पाठलाग करूनही हाती न लागणारे वन्य प्राणी आणि पक्षी तेव्हा त्यांच्या मुक्कामांत इतके जवळ येऊ लागले की लहान सावज हाताने धरावे आणि मोठे भाल्याने टिपावे.

परीक्षा कशाची होती ते पाहा. ती भुकेची नव्हती, शौर्याचीही नव्हती. ती जवळिकीची होती. सावज दूर असते तेव्हा संयम सोपा असतो. ते हाताशी आले, हातात शस्त्र आहे आणि कोणी पाहत नाही, अशा क्षणी मनुष्य काय करतो हे तपासले जात होते. बनी इस्राईलच्या एका वस्तीचीही अशीच परीक्षा झाल्याचे सूरह आराफमध्ये आले आहे. शनिवारी मासे पाण्याच्या पृष्ठभागावर यायचे आणि इतर दिवशी येत नसत. तफसीरच्या ग्रंथांत सांगितले आहे, की त्या लोकांनी शनिवारी मासा पकडला नाही. त्यांनी आधीच जाळी आणि चर तयार करून ठेवले आणि मासे रविवारी काढले. आदेशाचे शब्द पाळले आणि अर्थ मोडला.

ही आयत आज आठवण्याचे कारण आपल्या जिल्ह्याच्या हिवाळ्यात आहे. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या पाण्यावर वाढलेला ऊस ह्या दिवसांत तुटू लागतो. संगमनेर, अकोले, राहुरी, श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव ह्या भागांत उसाचे फड मोकळे होऊ लागले की त्यांत जन्मलेला आणि वाढलेला बिबट्या उघड्यावर येतो. पाचटात बछडे सापडतात, मादी सैरभैर होते, शेळ्या नाहीशा होतात. आणि कधी कधी त्याहून भयंकर घडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोपरगाव तालुक्यात एक चिमुरडी मुलगी आणि एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यात मरण पावल्यानंतर वनखात्याला तेथील बिबट्या गोळी घालून मारावा लागला. त्याच महिन्यात शेजारच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथेही तसेच करावे लागले. अशा वेळी गावोगाव बंदुकीची भाषा सुरू होते. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली जुनी छऱ्याची बंदूक फडताळातून बाहेर निघते. हातात मोबाईल असलेला तरुण परदेशी शिकाऱ्यांची चित्रफीत पाहतो आणि विचारतो, आपणही असे का करू नये?

त्या चित्रफितींत काय असते ते आधी समजून घेतले पाहिजे. अमेरिकेच्या पश्चिम भागात हिवाळ्यात कोयोट नावाच्या, आपल्या कोल्ह्यापेक्षा थोड्या मोठ्या प्राण्याची शिकार होते. बर्फाने सर्व माळ पांढरा झालेला असतो, म्हणून शिकारी पांढरा पोशाख घालून, बंदुकीलाही पांढरे आवरण चढवून बसतो. थोड्या अंतरावर एक लहानसे ध्वनियंत्र ठेवतो. त्यातून जखमी सशाचा आक्रोश निघतो. हिवाळ्यात भूक तीव्र आणि कातडीवरची लोकर दाट. म्हणून हाच काळ निवडला जातो. भुकेलेला प्राणी आवाजाच्या दिशेने धावत येतो, अगदी तीस-चाळीस पावलांवर, आणि बारा बोअरच्या बंदुकीतील मोठे छरे त्याच्यावर सुटतात. कोणती बंदूक, कोणत्या जाडीचे छरे, कोणता आवाज, कोणता पोशाख, ह्यावर तिथे मोठी चर्चा चालते. ह्या साऱ्या विद्येचा हेतू एकच असतो : दूरचे सावज हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आणणे. हुदैबियाच्या वाटेवर जे अल्लाहने परीक्षेसाठी जवळ आणले, ते येथे मनुष्य यंत्राने जवळ आणतो, आणि परीक्षा घेणारा कोणी आहे हेच विसरतो.

आपल्याकडे बर्फ नाही. वाळलेल्या उसाच्या रंगाचे कपडे, बॅटरीचा झोत आणि मोबाईलच्या स्पीकरवर शेळीच्या करडाचे ओरडणे, एवढ्यावर काम भागेल असे त्या तरुणाला वाटते. प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. हिंस्र प्राण्याला मारण्याची मुभा शरीयतने दिली आहे काय, आणि दिली असेल तर ती कोठे संपते?

मुभा आहे, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे. काही लोक दयेच्या नावाखाली असे बोलतात, जणू उसाच्या फडात मेलेल्या लेकरापेक्षा जनावर महाग आहे. इस्लामची शिकवण तशी नाही. एका निरपराध जीवाला वाचवणे म्हणजे सर्व मानवजातीला वाचवण्यासारखे आहे, हे ह्याच सूरह माइदामध्ये सांगितले आहे. बुखारी आणि मुस्लिम ह्या दोन्ही संग्रहांतील हदीसनुसार पाच उपद्रवी प्राणी हरमच्या हद्दीतही मारता येतात, आणि त्यांत चावरा, अंगावर येणारा कुत्रा आहे. इमाम मालिक (रह.) यांनी मुवत्तामध्ये ह्या शब्दाचा अर्थ व्यापक केला : जो प्राणी लोकांना जखमी करतो, त्यांच्यावर धावून जातो आणि त्यांना भयभीत करतो, तो सिंह असो, बिबट्या असो, चित्ता असो की लांडगा, तो ह्या हुकमात येतो.

परंतु लगेच पुढे त्यांनी जे म्हटले, ते आपल्या माळरानासाठी फार मोलाचे आहे. जे हिंस्र प्राणी माणसावर धावून जात नाहीत, जसे तरस, खोकड, मांजर, त्यांना इहराममधील मनुष्याने मारू नये. मारले तर भरपाई द्यावी. म्हणजे मदीनेच्या ह्या इमामाने दातांवरून निवाडा केला नाही, वर्तनावरून केला. सुळे असणे हा गुन्हा नव्हे. आपल्याकडे मात्र बिबट्याचा राग तरसावर निघतो, लांडग्याचा कोल्ह्यावर निघतो, आणि तरस तर केवळ कुरूप दिसतो म्हणून दगडांखाली मरतो.

वर्तन पाहायचे, तर कोणाचे? ज्याने हल्ला केला त्याचे. एका पैगंबराची गोष्ट हदीसमध्ये आली आहे. त्यांना एक मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांचे सारे वारूळ जाळण्याची आज्ञा दिली. तेव्हा अल्लाहने त्यांना विचारले, की एका मुंगीच्या चाव्यासाठी तू माझे गुणगान करणारा एक समुदायच जाळलास काय? अनआम ह्या सूरहमध्येही पृथ्वीवरील प्राण्यांना आणि पक्ष्यांना तुमच्यासारखेच समुदाय म्हटले आहे. मुंगीच्या बाबतीत जो जाब विचारला गेला, तो बिबट्याच्या बाबतीत विचारला जाणार नाही, असे मानायला मला तरी कोणताही आधार दिसत नाही. तालुक्यातील सगळे बिबटे संपवा, अशी घोषणा ग्रामसभेत झाली की मला ते वारूळ आठवते.

आता आवाजाच्या फसवणुकीकडे येऊ. भुकेल्या प्राण्याला खोट्या आक्रोशाने बोलावणे हे असत्य आहे काय? येथे घाईने निवाडा देऊ नये. सापळा, जाळे, फास ह्यांनी केलेली शिकार फुकहांनी मान्य केली आहे, आणि प्रत्येक सापळा ही एक फसवणूकच असते. तेव्हा फसवणूक आहे एवढ्याच कारणाने ती निषिद्ध ठरत नाही. तरीही मन स्वस्थ राहत नाही. अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे. एका आईने, ये, तुला काही देते, असे म्हणून आपल्या लहान मुलाला हाक मारली. प्रेषितांनी (स.) तिला विचारले, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. त्यावर त्यांनी सांगितले, की काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक असत्य लिहिले गेले असते. इमाम बुखारी (रह.) यांच्याविषयीही एक कथा आपल्यात सांगितली जाते. कोणी एक जण रिकामी झोळी दाखवून, तीत दाणे असल्याचे भासवून घोड्याला बोलावत होता, म्हणून इमामांनी त्याच्याकडून हदीस घेतली नाही. ह्या कथेची सनद भक्कम नाही, पण ती पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, ह्यातच आपल्या समाजाची जाणीव दिसते. गरजेपोटी जे असत्य चालवून घेतले जाते, ते खेळापोटी चालवून घेतले जात नाही.

म्हणून सारा प्रश्न हेतूपाशी येऊन थांबतो. शिकार हलाल आहे, कारण तिच्यात पोट भरण्याची तरतूद आहे. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी प्राण्यांनी पकडलेले सावज खाण्याची परवानगी आहे. ह्या अहमदनगरच्या किल्ल्याचे रक्षण करणारी चांदबीबी नंतरच्या दक्खनी चित्रांत घोड्यावर बसून हातावर ससाणा घेतलेली दिसते. त्या ससाण्याने आणलेला पक्षी कोणाच्या तरी ताटात जात असे. परंतु हिंस्र प्राण्याचे काय? सुळे असणाऱ्या प्रत्येक हिंस्र प्राण्याचे मांस प्रेषितांनी (स.) खाण्यास मनाई केली. हिंस्र प्राण्यांची कातडी वापरण्यासही मनाई आल्याची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी दिली आहे. कमावलेल्या कातड्याच्या शुद्धतेविषयी मसलकांत मतभेद आहेत, पण बिबट्याचे कातडे अंथरून मिरवण्याची जी दरबारी हौस होती, तिच्यावर ही हदीस सरळ बोट ठेवते. मांस नाही, कातडे नाही. मग उरते काय? स्वतःचे किंवा दुसऱ्याचे रक्षण उरते, नाही तर करमणूक उरते. तिसरे काही नाही.

आणि करमणुकीविषयी आपल्याकडे संदिग्धता नाही. सजीवाला नेमबाजीचे लक्ष्य करू नका, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. चिमणी किंवा तिच्याहून मोठा जीव हक्काशिवाय मारणाऱ्याला जाब द्यावा लागेल, आणि तिचा हक्क हा की तिला जिबह करून खावे, डोके तोडून फेकून देऊ नये, हे नसाईमध्ये आहे. शिकारीच्या मागे लागणारा गाफील होतो, अशीही एक हदीस आहे. हनफी फिक्हमध्ये शिकार मुबाह म्हटली आहे, पण निव्वळ मनोरंजनासाठी केलेली मकरूह. ज्या अमेरिकेच्या चित्रफिती आपला तरुण पाहतो, तिथे सर्वाधिक कोयोट मारणाऱ्याला बक्षीस देण्याच्या स्पर्धाही भरतात. कॅलिफोर्नियाने अशा बक्षिसांवर २०१४ मध्ये बंदी घातली आणि पुढे आणखी काही राज्यांनी तोच मार्ग धरला. ज्यांच्याकडे शिकारीची मुभा मोठी आहे, त्यांनाही खेळ आणि गरज ह्यांत रेघ ओढावीशी वाटली, हे लक्षात घ्यावे.

रक्षणाची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिच्यातही निवाडा कोणी करायचा हा प्रश्न आहेच. अंगावर आलेल्या जनावराला आत्मरक्षणासाठी मारले तर फिक्हमध्ये त्याचा दोष नाही. देशाच्या कायद्यातही नाही : वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या ११ व्या कलमात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी सद्हेतूने वन्य प्राणी मारणे हा गुन्हा मानलेला नाही. पण दोन दिवसांनी बंदूक घेऊन फडात शिरणे हे आत्मरक्षण नव्हे. बिबट्या संरक्षित प्राण्यांच्या पहिल्या अनुसूचीत असताना, माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने द्यायची असते. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवाने ह्या देशात उरलेले नाहीत. एखादा म्हणेल, हा सरकारचा कायदा, त्याचा दीनशी काय संबंध? त्याने पुन्हा सूरह माइदाची पहिली आयत उघडावी. ज्या देशात आपण शांततेच्या करारावर राहतो, त्याचा जो कायदा अल्लाहच्या आदेशाविरुद्ध जात नाही, तो पाळणे हा त्या कराराचाच भाग आहे. शिवाय इहराममध्ये शिकार करणाऱ्याने भरपाई कोणत्या प्राण्याने द्यावी, हे ठरवण्यासाठी कुरआनने दोन न्यायी माणसांचा निवाडा आवश्यक ठरवला. एका हरणासाठी दोन न्यायी पंच! आणि आपण बिबट्याच्या जिवाचा निकाल संतापलेल्या जमावावर सोपवतो.

जमावाचा निकाल माणसालाही महागात पडतो. लांबून झाडलेल्या छऱ्यांनी बिबट्या सहसा मरत नाही, जखमी होतो. आणि पाय निकामी झालेला, सुळा तुटलेला प्राणी चपळ भक्ष्य सोडून सोप्या भक्ष्याकडे वळतो. ठार मारायचे तरी ते उत्तम रीतीने मारा, जिबह करायचे तर सुरीला धार करा, ह्या हदीसमध्ये दया आहे आणि शहाणपणही आहे. मेलेल्या शेळीत विष कालवून ठेवणे किंवा तारेत वीज सोडणे ह्याचे ह्या हदीसच्या कसोटीवर काय होईल, ते वाचकांनीच ठरवावे. विष बिबट्याला ओळखत नाही. ते तरसाला, कुत्र्याला, घारीलाही मारते. विजेची तार तर रात्री दारे धरायला गेलेल्या शेजाऱ्यालाच ओढून नेते.

पकडून दूर सोडणे हा उपाय दयाळू वाटतो, पण तोही तपासून घ्यावा. जुन्नर भागात २००१ ते २००३ ह्या काळात पकडलेले बिबटे आणून सोडले गेले. तेथील माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बसवून माळशेज घाटात सोडले. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याला आजोबा असे नाव मिळाले. वाटेत त्याने कोणाही माणसावर हल्ला केला नाही. २०११ मध्ये घोडबंदर मार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

पिंजऱ्याविषयीही एक गोष्ट बोलायची राहून जाते. पिंजऱ्याच्या आतल्या कप्प्यात आमिष म्हणून शेळी किंवा कोंबडी बांधलेली असते. बिबट्या येईपर्यंत किती रात्री जातील, कोणी सांगू शकत नाही. मांजराला बांधून ठेवून अन्नपाणी न देणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस आपण मुलांना शिकवतो. त्या शेळीला सकाळ-संध्याकाळ चारा-पाणी कोण देतो? पिंजरा सरकारचा असला तरी शेळी गावाची असते आणि जबाबदारी जवळ राहणाऱ्याची. आपल्या शेताजवळ पिंजरा लागला असेल तर हे काम उद्यापासून आपले आहे, आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

शेवटी, बिबट्याला बोलावणाऱ्या आवाजाविषयी. अकोले तालुक्यातील शेतीच्या मुलुखात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे चौरस किलोमीटरमागे तीनशेहून अधिक माणसे राहतात, तिथे १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून पुढे आले, की बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा आहे. कुत्री कशावर जगतात? गावाबाहेर टाकलेल्या उकिरड्यावर, आणि त्यात मटणाच्या व कोंबडीच्या दुकानांतील आतडी, पिसे आणि हाडे असतात. ही दुकाने अनेक गावांत आपल्याच बांधवांची आहेत. संध्याकाळी दुकान आवरले की पोते ओढ्याच्या काठी रिकामे होते. रात्री कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे तो येतो. बकरी ईदनंतरच्या तीन दिवसांत काय होते, हे आपल्याला सांगायला नको. यंत्रातून निघणाऱ्या आवाजाची चर्चा करणाऱ्या तरुणाने हे पाहिले नाही, की त्याच्या गावाने वर्षभर बिबट्याला हाक मारण्याची सोय करून ठेवली आहे, आणि त्या ओढ्याजवळच ऊसतोड कामगारांच्या कोप्या आहेत. तिथे दार नाही, दिवा नाही, आणि पहाटे फडावर निघालेल्या आईच्या मागे तिचे मूल चालत असते.

जमाअतच्या मशिदीच्या कमिटीने पुढच्या जुम्याला दुकानदारांना एकत्र बसवावे. माणसाच्या उंचीचा खड्डा, रोजच्या कचऱ्यावर चुना आणि मातीचा थर, वर जड झाकण, आणि ग्रामपंचायतीकडे त्यासाठी जागेचा अर्ज, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. कोप्यांभोवती रात्रभर दिवे राहावेत आणि शेतीला दिवसा वीज मिळावी, ह्या मागणीच्या निवेदनावर इतर समाजांच्या शेजाऱ्यांबरोबर आपल्याही सह्या असाव्यात. फडाचा गळीत हंगाम सुरू होण्याच्या आधी हे झाले, तर त्या वर्षीच उपयोगी पडेल.